भरले वांगे आणि परक्याचा विस्तव

भरल्या वांग्याविषयी जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुतेक मसाल्याविषयी असते. गोडा मसाला की काळा, दाण्याचे कूट की सुके खोबरे, चिंचगूळ हवा की नको, यावर घराघरांत मतभेद आहेत आणि ते तसेच राहावेत. या लेखात मला मसाल्याविषयी थोडे आणि विस्तवाविषयी जास्त बोलायचे आहे. भाजी पोखरून किंवा चिरून तिच्यात सारण भरायचे, ही रीत ग्रीस, तुर्कस्तान, इराक, इराणपासून आपल्यापर्यंत पसरलेली आहे. तिकडे ही भाजी पातेल्यातही शिजते, पण घरच्या मोठ्या जेवणाला ती थाळ्यात मांडून भट्टीत भाजण्याची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे मात्र ती कढईत, चुलीवर, झाकणाखाली शिजते. हा फरक का पडला?

उत्तर शोधताना मी पाकशास्त्राची पुस्तके चाळत होते. ते सापडले मात्र समाजसुधारणेच्या इतिहासात. म्हणून या लेखात वांग्याबरोबर पाव, नानकटाई, चहा आणि प्रायश्चित्त यांचीही हजेरी आहे.

पूर, पुरण आणि भरणे

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. आजचे बसवकल्याण म्हणजे त्याची राजधानी, आणि मराठी मुलखाचा मोठा भाग त्याच्या राज्यात होता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत हा ग्रंथ छापला गेल्यामुळे माझ्यासारख्या, विद्यापीठाबाहेर राहून वाचणाऱ्यांनाही तो हाती घेता येतो. त्यातल्या ‘अन्नभोग’ प्रकरणात राजाच्या ताटातले पदार्थ सांगितले आहेत. वांग्याचा गर काढून त्यात मसाला लावलेला मांसाचा खिमा भरायचा आणि ते तेलात तळायचे, अशी एक कृती तिथे आहे. पदार्थाचे नाव पूरभट्टाक. ‘पूर’ म्हणजे आत भरायचे सारण, ज्याच्याशी आपल्या ‘पुरण’ शब्दाचे नाते आहे. ‘भण्टाकी’ हे संस्कृतात वांग्याचे एक नाव. म्हणजे ‘भरले वांगे’ हे पूरभट्टाकाचे शब्दशः मराठी झाले.

यानंतर साधारण शंभर वर्षांनी, १२२६ साली, बगदादमध्ये मुहम्मद बिन हसन अल्-बगदादी याने आपला पाकग्रंथ लिहिला. त्यातही पोखरलेल्या वांग्यात खिमा भरायला सांगितले आहे. पुढे उस्मानी साम्राज्यात या पदार्थांचे कुळच तयार झाले. ‘दोलमा’ हा शब्द ‘भरणे’ या अर्थाच्या तुर्की क्रियापदावरून आला. अरबीत ‘महशी’ म्हणजेही भरलेले. ग्रीक भाषेत टोमॅटो आणि ढोबळी मिरची भरून भाजलेल्या थाळ्याला ‘येमिस्ता’ म्हणतात, त्याचाही अर्थ तोच. बंगालीतला ‘पटोलेर दोलमा’ किंवा ‘दोरमा’ याच शब्दकुळातला. तुर्कीत बिनमांसाच्या दोलम्याला एक गमतीदार नाव आहे, ‘यालांजी’ म्हणजे खोटारडा. सोमेश्वराच्या पूरभट्टाकाशेजारी ठेवले तर आपले दाण्याच्या कुटाचे वांगेही खोटारडेच ठरेल.

आधी कोणी भरले, बगदादने की कल्याणीने, या वादात मला रस नाही. वांगे मूळचे आपल्या बाजूचे. संस्कृतातले ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’, अरबीत ‘बादिंजान’, पोर्तुगीजांच्या तोंडी ‘बेरिंजेला’ झाले आणि पोर्तुगीजांबरोबर परत येऊन इंग्रजी राजवटीत ‘ब्रिंजल’ म्हणून बाजारात बसले. याच्या उलट सारणातले शेंगदाणे आणि मिरची अमेरिकेतून आलेली. येमिस्तातले टोमॅटो आणि ढोबळी मिरचीही तिकडचीच. तेव्हा साहित्याच्या बाबतीत कोणालाच मालकी सांगता येत नाही. ‘पारंपरिक’ म्हणून आपण वाढतो त्या भरल्या वांग्यातले दाण्याचे कूट आणि तिखट काढून टाकले तर उरेल ते वांगे, तीळ, खोबरे, धणे आणि चिंच. भाजी आणि सारण जगभर फिरले. अडला तो विस्तव.

एका भट्टीवर सारी आळी

भूमध्य समुद्राभोवतीच्या गावांत घरोघरी भट्टी नसे. लाकूड महाग, भट्टी तापवायला वेळ लागे आणि एकदा तापली की ती तासन्‌तास गरम राही. म्हणून एका मोहल्ल्याची एक भट्टी असे. लॅटिनमधल्या ‘फुर्नुस’पासून इटालियन ‘फोर्नो’, ग्रीक ‘फूर्नोस’, तुर्की ‘फिरिन’, अरबी ‘फुर्न’ असे शब्द निघाले. एकाच शब्दाने समुद्राचे चारही किनारे गाठले आहेत, यावरूनच या सोयीचा पसारा ध्यानात यावा.

सकाळी पाव भाजून झाले की भट्टीची धग उतरू लागे, आणि ती उतरती धग घरच्या थाळ्यांसाठी उत्तम. ग्रीक गृहिणी रविवारी सकाळी भाज्या पोखरून, तांदूळ, कांदा, पुदिना, गराचा रस आणि तेल यांचे सारण भरून मोठा थाळा तयार करी. तो ओल्या कापडाने झाकून कोणीतरी पोर भट्टीवर नेऊन देई. दुपारी तो भाजून घरी येई आणि सारे घर जेवायला बसे. घरोघरी ओव्हन येईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, ही चाल टिकून होती. मोरोक्कोत डोक्यावर फळी घेऊन कणकेचे गोळे भट्टीवर नेणारी मुले अजूनही काही जुन्या शहरांत दिसतात. कोणती फळी कोणत्या घरची हे भट्टीवाला ओळखून असतो.

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कुटुंबाच्या खास जेवणाचा मुख्य पदार्थ घराबाहेर, परक्या माणसाच्या विस्तवावर, शेजाऱ्यांच्या थाळ्यांना खेटून शिजत असे. शेजारच्या थाळ्याचा वास आपल्या थाळ्याला लागे. कोणाच्या घरी आज मांस आहे आणि कोणाच्या घरी नुसता तांदूळ, हे साऱ्या आळीला कळे. तरीही तो पदार्थ ‘घरचा’च मानला जाई.

आपल्याकडे भट्टी का नव्हती?

याचे पहिले उत्तर धान्यात आहे, आणि ते आधी मान्य केले पाहिजे. गव्हाच्या कणकेत चिकटपणा असतो, त्यामुळे ती आंबवून फुगवता येते आणि फुगलेल्या कणकेला चारी बाजूंनी धग लागते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या पिठाला तो गुण नाही. भाकरीला तवा आणि चुलीची कड पुरते, भाताला पातेले पुरते. ज्या देशात रोजची भाकरी तव्यावर होते तिथे आळीआळीत भट्टी उभी राहण्याचे कारणच नव्हते.

दुसरे उत्तर हवेचे दिले जाते. आपल्या उकाड्यात भट्टी कोण पेटवणार? हे उत्तर मला पटत नाही. पंजाबातला उन्हाळा आपल्यापेक्षा कडक, तरी तिथे गावच्या सामाईक तंदुरावर, सांझ्या चुल्ह्यावर, बायका कणीक घेऊन जात. गोव्यात हवा दमट, तरी चारशेहून अधिक वर्षे पोदेराचा ‘फोर्न’ पेटलेला आहे. हा ‘फोर्न’ म्हणजे वरच्याच यादीतला शब्द, पोर्तुगीज ‘फोर्नो’च्या वाटेने कोकणीत उतरलेला.

म्हणजे सोळाव्या शतकापासून भट्टी आपल्या किनाऱ्यावर होती. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि पुण्यात, विशेषतः लष्करी छावण्यांच्या आसपास, पावाच्या भट्ट्या चालू होत्या. पुढे इराणी आले आणि त्यांच्या बेकऱ्या नाक्यानाक्यावर झाल्या. उतरती धग तिथेही रोज दुपारी फुकट जात होती. तरी एकाही मराठी गृहिणीने भरल्या वांग्याचा थाळा तिथे पाठवला नाही. धान्याचे कारण इथे संपते. यापुढचे कारण दाराशी उभे होते.

पाव खाणे आणि बाटणे

पोर्तुगीज अमलात पाव हा नुसता खाद्यपदार्थ राहिला नाही. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत आजही सांगितल्या जातात. त्यातली प्रत्येक कथा घडली की नाही हा वेगळा विषय. त्या कथा लोकांना खऱ्या वाटत होत्या, यात इतिहास आहे. परक्याच्या भट्टीतून निघालेला तुकडा विहिरीच्या पाण्यालासुद्धा बाटवतो, मग त्या पाण्यावर जगणाऱ्या गावाचे काय, असा तो हिशेब होता.

हा हिशेब मोडायचा तर पावच खाल्ला पाहिजे, हे सुधारकांनी नेमके ओळखले. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. ती गुप्त होती. जातिभेद न मानणे ही तिची मूळ अट. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवायचा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, अशी तिथली दीक्षा होती. देवळात जाऊन शपथ घेण्याऐवजी पावाचा घास घेणे ही मोठी परीक्षा मानली गेली, इतका तो घास कठीण होता. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटण्याच्या भीतीने सभा मोडली. पाव खाल्ल्याची यादी चव्हाट्यावर येणे ही त्या काळी खरी आपत्ती होती.

तीस वर्षांनी पुण्यात हेच घडले, आणि या वेळी नावे छापली गेली. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेला हाती धरला. हजर असलेल्यांची नावे गोपाळराव जोशी यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केली. मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळक आणि रानडे या दोघांनाही शेवटी प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले, आणि दोघांनीही ते घेतले. एरवी दोघांची मते एकमेकांविरुद्ध असत, पण चहाच्या पेल्याने दोघांना एकाच पंगतीला बसवले.

ही मोठ्या माणसांची गोष्ट झाली. स्वयंपाकघरातली गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे राहायला आल्यावरही काही काळ त्या आपले वेगळे सोवळ्यात शिजवून खात होत्या. एकाच छपराखाली दोन विस्तव. जिथे नवऱ्याच्या विस्तवावरचे चालत नाही तिथे बेकरीवाल्याच्या विस्तवाची काय कथा!

आणि हा नियम फक्त भट्टीपुरता नव्हता, हे विसरता कामा नये. ‘कोणाचा हात लागला’ हा प्रश्न ज्या समाजाने अन्नाला विचारला त्यानेच तो पाण्यालाही विचारला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी प्यायले, त्यानंतर ते तळे ‘शुद्ध’ करण्याचा विधी झाला. उच्चवर्णीय घराला बेकरीचा पाव वर्ज्य होता, यात त्या घराचे नुकसान झाले ते एका चवीचे. दुसऱ्या बाजूला माणसांचे पाणी तोडले गेले. दोन्हींचे मूळ एक असले तरी दोन्हींचे माप एक नाही.

लाकडाची एक ढलपी

परक्याच्या विस्तवाविषयीचे नियम केवळ आपल्याकडेच होते असे मात्र नाही. ज्यू धर्मशास्त्रातही परधर्मीयाने भाजलेल्या आणि शिजवलेल्या अन्नावर बंधने आहेत. तालमूदमध्ये त्याची सविस्तर चर्चा आहे. पण तिथे एक वाट काढलेली दिसते. भट्टी परक्याची असली तरी एखाद्या ज्यू माणसाने तिच्यात लाकडाची एक ढलपी जरी टाकली, तरी विस्तवात त्याचा वाटा झाला आणि त्या भट्टीतला पाव चालतो. शिजवलेल्या पदार्थांबाबत काही परंपरा अधिक कडक आहेत, भांडे विस्तवावर ठेवायला आपलाच हात हवा म्हणतात. तरीही मूळ कल्पना लक्षात घेण्यासारखी आहे. नियम न मोडता शेजाऱ्याच्या भट्टीपर्यंत जाता येईल एवढी फट त्यांनी ठेवली. मोरोक्कोतल्या ज्यू मोहल्ल्यांत शनिवारच्या जेवणाची भांडी शुक्रवारीच सामाईक भट्टीत जात आणि रात्रभर तिथे राहत.

या परंपरेची एक शाखा मुंबईलाही आली. १८३० नंतर डेव्हिड ससून आणि त्यांच्यामागोमाग बगदादी ज्यू कुटुंबे मुंबई आणि पुण्यात स्थिरावली. टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, कांदे पोखरून त्यात तांदूळ, कोंबडीचा खिमा आणि पुदिना भरायचा आणि आंबटगोड रसात मंद धगीवर शिजवायचे, हा ‘महाशा’ त्यांच्या शुक्रवार रात्रीच्या कौटुंबिक जेवणातला मानाचा पदार्थ. कोलकात्यात तर या घरांतले स्वयंपाकी बहुधा मुसलमान असत. ज्यूंच्या धार्मिक जेवणाची भाजी मुसलमान हात भरत आणि तरी ती ज्यू भाजीच राही.

खरकटे आणि निखरकटे

आपल्या नियमांत अशी फट होती का? होती, पण दुसरीकडे. मराठी घरातला भेद पाण्यावर उभा होता. पाण्यात शिजले ते खरकटे. कोरडे भाजलेले किंवा तुपात-दुधात केलेले ते तितके बाधत नाही. दशमी हे याचे उत्तम उदाहरण. प्रवासात न्यायची भाकरी-पोळी पाण्याऐवजी दुधात भिजवली की ती चालते, म्हणून दशम्या बांधून घ्यायच्या. भडभुंज्याचे उदाहरणही तसेच. चणे, लाह्या, चुरमुरे त्याच्या भट्टीवर, त्याच्या हाताने भाजलेले असूनही घरोघरी खाल्ले जात, कारण ते कोरडे होते.

आता दिवाळीकडे या. साठ-सत्तरच्या दशकांत पुण्या-मुंबईत वाढलेल्यांना आठवत असेल, दिवाळीच्या आधी आठवडाभर बेकऱ्यांसमोर रांगा लागत. घरून मैदा, तूप आणि पिठीसाखर फेसून आणायची, बेकरीच्या पत्र्याच्या ट्रेवर नानकटाईचे गोळे मांडायचे, वर चारोळी किंवा बदामाचे काप दाबायचे, नावाची चिठ्ठी लावायची आणि ट्रे भट्टीवाल्याच्या हवाली करायचा. भट्टी इराण्याची, मुसलमानाची किंवा गोवेकर ख्रिस्ती माणसाची. लांब दांड्याच्या फावड्याने तो ट्रे आत सरकवी. तासाभराने डबे भरून नानकटाई घरी येई, आणि लक्ष्मीपूजनाच्या फराळात चकली-करंजीच्या शेजारी बसे.

हा भूमध्य समुद्राकाठचाच देखावा आहे. सामाईक भट्टी, घरचा माल, ओळखीची खूण, सणाचे जेवण. परक्याच्या विस्तवावर गेलेला मराठी सणाचा हा बहुधा पहिला पदार्थ. आणि तो नानकटाईच का, याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. नानकटाईत पाण्याचा थेंब नसतो. सोवळे सैल झाल्यावरही जुन्या नियमाची सावली होती, आणि त्या सावलीतून निसटून जाईल असा पदार्थ तूप-साखर-मैद्याचाच होता. चिंचगुळाच्या रसात शिजणारे वांगे निसटणे शक्य नव्हते. नानकटाईचा ट्रे नेणाऱ्या बायकांच्या मनात खरकट्याचा विचार असे, असे मी म्हणत नाही. मी ज्या वृद्ध बायकांशी बोलले त्यांना हा प्रश्नच नवा वाटला. “भाजी कोण नेईल बेकरीत?” असे म्हणून त्या हसल्या. नियम विसरला जातो आणि सवय उरते, तेव्हा ती हसण्यावारीच निघते.

झाकणावरचे निखारे

मग आपल्याकडे भाजी ‘भाजली’ जात नव्हती का? जात होती, पण आपल्याच विस्तवावर. चुलीवर जाड बुडाचे, कल्हई केलेले पितळी पातेले, त्यात थोड्या तेलावर देठ वर करून मांडलेली वांगी, वर घट्ट बसणारे खोलगट झाकण आणि त्या झाकणात निखारे. खालची आच कमी, वरची जास्त. पाठारे प्रभूंचे कोलंबीचे भानोले, कोकणातले काकडीचे धोंडस, गोव्याची बेबिंका, या साऱ्यांना हीच वरची धग लागते. याच झाकणात निखाऱ्यांऐवजी पाणी ठेवले की उलटा परिणाम होतो. आतली वाफ गार झाकणाला लागून थेंबाथेंबाने परत भाजीवर पडते आणि वांगे स्वतःच्या रसात शिजते. एकच झाकण, विस्तव ठेवला तर भट्टी, पाणी ठेवले तर वाफारा. घरापुरती भट्टी अशी पातेल्यावर उचलून ठेवता येत होती, म्हणून परक्याच्या भट्टीची गरज भासली नाही, असेही म्हणता येईल.

घराबाहेर मात्र एक खरी सामाईक भट्टी होती, शेतात. रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा तयार झाल्या की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, मसाला भरलेली वांगी, कोणी अंडी-कोंबडीही घालतो. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती गवत, काटक्या पेटवायच्या. आत पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या तासात चारी बाजूंनी भाजलेली भाजी तयार. घराच्या उंबऱ्याबाहेर, रात्री, शेकोटीभोवती बसलेल्या माणसांत सोवळ्याचा जोर कमी असतो. भरले वांगे आपल्याकडे खऱ्या अर्थाने भाजले गेले ते असे उघड्यावर.

घरातले निखारे संपले ते गॅसमुळे. १९५० च्या दशकात मुंबईत गॅसच्या टाक्या आल्या, पुढे त्या हळूहळू गावोगाव पसरल्या. धूर गेला, फुंकणी गेली, बायकांच्या डोळ्यांना आणि छातीला सुख मिळाले. त्या सुखाची बरोबरी कोणतीच चव करू शकत नाही. पण गॅसला निखारे नसतात. वरची धग गेली आणि भरले वांगे पूर्णपणे रस्साभाजी झाले. मग काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला, तो केकसाठी. वांगे त्यात घालावे असे फारसे कोणाला सुचले नाही.

भाऊबीजेचा थाळा

आमच्या घरी भाऊबीजेला चौदा माणसे जेवायला असतात. गेली काही वर्षे मी त्या दिवशी भाज्या भरून ओव्हनमध्ये भाजते. त्याचे साधे टिपण इथे देते, कारण कृतीशिवाय हा इतिहास अर्धवट राहील.

अठरा लहान काटेरी वांगी, सहा लहान ढोबळ्या मिरच्या, आठ घट्ट टोमॅटो. वांग्यांना देठ ठेवून चार चिरा द्यायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. मिरच्या आणि टोमॅटो वरून चकती कापून पोखरायचे, गर टाकायचा नाही. सारणाला तीन वाट्या दाण्याचे कूट, एक वाटी भाजलेले सुके खोबरे, पाऊण वाटी तीळ, गोडा मसाला, तिखट, चिंचेचा कोळ, गूळ, कोथिंबीर आणि तो टोमॅटोचा गर. थाळ्याच्या तळाशी कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर भाज्या, अर्धी वाटी पाणी आणि वरून तेल. दोनशे अंशांवर वांगी आणि मिरच्या आधी अर्धा तास झाकून भाजायच्या, टोमॅटो शेवटच्या पंचवीस मिनिटांसाठी घालायचे, आणि शेवटची पंधरा मिनिटे झाकण काढायचे. दाण्याचे कूट लवकर करपते, म्हणून झाकण आधी काढून चालत नाही. हेच मी कोळशाच्या शेगडीवर, झाकणात निखारे ठेवूनही करून पाहिले आहे. एका वेळी दहाच वांगी मावतात, पण वेळ कमी लागतो आणि वरच्या सारणाला धुराचा वास येतो. ओव्हनमध्ये तो येत नाही. बाकी दोन्हींची चव जवळची आहे, कढईतल्या वांग्याहून दोन्ही वेगळी.

भाच्यांना हा थाळा ‘परदेशी’ वाटतो. मी त्यांना पूरभट्टाक आणि पोपटी सांगते. पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पदार्थ इथला असला तरी असा थाळा मांडून सर्वांच्या मध्ये ठेवणे इथले नाही.

आता घरोघरी ओव्हन आहेत आणि परक्याच्या विस्तवाचा प्रश्न वरवर मिटला आहे. मिटला तो मात्र प्रत्येकाने आपापला विस्तव विकत घेऊन. ग्रीसमध्ये सामाईक भट्टी होती आणि ती गेली. आपल्याकडे ती भाजीसाठी कधी झालीच नाही, फक्त दिवाळीतल्या नानकटाईपुरती पाच-सहा दशके उघडली आणि बंद होत आली. २०२५ साली उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सोडून स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगण्यात आले. शहराच्या हवेसाठी ते योग्यच आहे. पण त्या भट्ट्यांबरोबर नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या ट्रेंची आठवणही जाईल. परमहंस सभेच्या पावाची आणि पंचहौदच्या चहाची कागदपत्रे आहेत, कारण तिथे मोठी माणसे होती. बेकरीच्या दाराशी रांगेत उभ्या राहून, कोणताही ठराव न करता, घरचा सणाचा पदार्थ परधर्मीयाच्या हाती देणाऱ्या बायकांची नोंद कुठेच नाही. ज्यांच्या घरात अशी एखादी आजी, मावशी, आत्या अजून आहे त्यांनी या दिवाळीत तिला विचारून लिहून ठेवावे. बेकरी कोणाची होती, ट्रे कोण नेई, घरात पहिल्यांदा कोण नको म्हणाले, आणि मग कोण हो म्हणाले.